भूकंपाने सगळं हिरावलं, तरी जुन्या बंदुकांना नवं आयुष्य देत राहिला : हॅरी पोपची भन्नाट गोष्ट

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं आणि अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीसमोर जल्लोष केला. ती मॅच नीट पाहिली असेल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. प्रत्येक गोळी झाडल्यावर रायफल उघडायची, एक काडतूस हाताने आत ठेवायचं, बंद करायची आणि मग पुन्हा नेम धरायचा. या खेळात एका वेळी एकच गोळी भरता येते, असा नियमच आहे. समोरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

एकच गोळी, एकच संधी. चुकली तर लगेच दुसरी झाडायची सोय नाही. नेमबाजीचं हे वेड आजचं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत असाच एक खेळ जोरात होता. उभं राहून, कशाचाही टेकू न घेता, 200 यार्डांवर म्हणजे साधारण 183 मीटरवर एकेरी रायफलने नेम साधायचा. या खेळातल्या मातब्बर नेमबाजांच्या बंदुका वेगवेगळ्या कंपन्यांच्या असायच्या, पण त्यातल्या अनेकांच्या नळीवर एकाच माणसाचं नाव कोरलेलं असायचं. एच. एम. पोप.

पोप म्हटलं की आपल्याला व्हॅटिकन आठवतं. पण नेमबाजांच्या दुनियेत पोप म्हणजे हॅरी मेलविल पोप. त्याने स्वतःच्या नावाची बंदूक कधी बाजारात आणली नाही. लोकांनी आणलेल्या जुन्या एकेरी रायफलींना नवी नळी बसवून देणं, हाच त्याचा धंदा. आणि या एका कामात त्याने असं नाव कमावलं की आज शंभर वर्षांनंतरही जाणकार त्याच्या नळ्या शोधत फिरतात.

सायकलच्या कारखान्यातला बंदूकवेडा

हॅरीचा जन्म 1861 चा. गाव वॉलपोल, राज्य न्यू हॅम्पशायर. अमेरिकेचं यादवी युद्ध त्याच वर्षी सुरू झालं होतं. बंदुकांचा नाद त्याला लहानपणापासून होता. पण तो नुसता हौशी पोरगा राहिला नाही. 1881 मध्ये त्याने एमआयटीतून इंजिनिअरिंगचं शिक्षण पूर्ण केलं. ही जगप्रसिद्ध संस्था तेव्हा बोस्टन शहरातच होती आणि तिला सुरू होऊन वीस वर्षंही झाली नव्हती.

शिक्षण झालं आणि हॅरी सायकलच्या धंद्यात शिरला. त्या काळात सायकल म्हणजे आजच्या इलेक्ट्रिक गाडीसारखी नवलाईची गोष्ट होती. अमेरिकेत या धंद्याचं मोठं केंद्र होतं कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड शहर. या शहराची गंमत अशी, की इथल्या ज्या कारखान्यात प्रसिद्ध कोलंबिया सायकली बनायच्या, तिथे आधी शिलाई मशिनं बनत होती आणि त्याच्याही आधी शार्प्स कंपनीच्या एकेरी रायफली. कोल्ट रिव्हॉल्व्हरचा कारखानाही याच शहरात. बंदूक, शिलाई मशीन आणि सायकल या तिन्ही गोष्टींना लागणारं कौशल्य एकच, लोखंड अगदी अचूक मापात कापायचं.

हॅरीची नोकरी याच हार्टफर्डमध्ये सायकलच्या कारखान्यात होती. पोटापाण्याचा प्रश्न सुटला होता. पण 1884 च्या सुमारास त्याने .40 कॅलिबरची एक रेमिंग्टन रायफल घेतली आणि लक्ष्यावर नेम धरण्याचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते कायमचं.

नेमबाजीत एक प्रश्न प्रत्येकाला पडतो. गोळी चुकली, ती माझ्यामुळे की बंदुकीमुळे? बहुतेक जण बंदुकीला दोष देऊन मोकळे होतात. हॅरी इंजिनिअर होता. त्याने प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही आणि तो थेट नळीपर्यंत येऊन पोचला. बाजारातल्या नळ्यांवर त्याचं समाधान होईना. मग त्याने नोकरी सांभाळून स्वतःच नळ्या बनवायला सुरुवात केली.

नळीत एवढं असतं तरी काय?

वरून पाहिलं तर बंदुकीची नळी म्हणजे भोक पाडलेली लोखंडी कांब. पण रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळी पुढे जाताना या खाचांत पकडली जाते आणि स्वतःभोवती फिरायला लागते. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, फिरणं थांबलं की लवंडतो. गोळीचंही तसंच. फिरणारी गोळी हवेत सरळ जाते, न फिरणारी गोळी गडगडते आणि वाट्टेल तिकडे भरकटते.

खाचा कोणीही पाडेल. त्या सारख्या खोलीच्या, सारख्या रुंदीच्या आणि आतून गुळगुळीत पाडणं हे खरं काम. नळीच्या आत डोळा जात नाही, बोट जात नाही. लांब दांड्याच्या टोकाला छोटंसं पातं लावून ते नळीतून ओढायचं. एका वेळी धातूचा इतका पातळ पापुद्रा निघतो की तो फुंकरीने उडून जाईल. पुन्हा ओढायचं, पुन्हा एक पापुद्रा. एक खाच पुरी झाली की दुसरी. घाई केली की पातं अडकतं, नळी ओरखडते आणि सगळी मेहनत भंगारात जाते.

पोपच्या नळीत अशा आठ खाचा असायच्या. त्यांचा पेच डावीकडे वळणारा. आणि त्यात एक खासियत होती. हा पेच सगळीकडे सारखा नसायचा. मागच्या बाजूला तो सैल असायचा आणि तोंडाकडे जाताना हळूहळू घट्ट होत जायचा. कारण त्या वेळच्या गोळ्या शिशाच्या, म्हणजे मऊ. दारूचा भडका उडाल्यावर अशा गोळीला एकदम जोरात फिरवलं तर ती खाचांमधून निसटून ओरबाडली जाऊ शकते. चांगला एसटी ड्रायव्हर भरलेली गाडी हिसका न देता हळूहळू वेगात आणतो, तसंच पोपची नळी गोळीला फिरकी देत असे.

शिवाय नळीचं आतलं माप तोंडाकडे किंचित अरुंद होत जायचं. त्यामुळे गोळी बाहेर पडेपर्यंत ती कुठेही ढिली पडत नसे.

बिअर, बँड आणि बंदुका

या नळ्यांना एवढी मागणी कुठून आली? त्यासाठी अमेरिकेतल्या जर्मन लोकांकडे पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून लाखो लोक अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी येताना आपले सणवार आणले, तशी नेमबाजीच्या मंडळांची परंपराही आणली. या मंडळांना म्हणायचे श्युत्सन. शहराबाहेर त्यांची मोठी मैदानं असायची. रविवारी बायकापोरांसह सगळे जमायचे. एकीकडे बँड वाजतोय, दुसरीकडे बिअरचे पेले भरतायत आणि तिसरीकडे 200 यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळ्या झाडल्या जातायत. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडासारखंच वातावरण. जिंकणाऱ्याचा मान मोठा आणि बक्षिसंही घसघशीत.

या खेळासाठी रायफल एकेरीच लागायची. जड नळी, गालाला टेकायला उंच दस्ता, मागच्या बाजूला खांद्यावर अडकेल असा आकडा आणि डाव्या हाताच्या तळव्यावर पेलायला खाली लाकडी गोळा. डावं कोपर कमरेला टेकवून नेमबाज श्वास रोखायचा. हाताने हलकेच स्पर्श करताच सुटेल असा नाजूक चाप.

या खेळातल्या लोकांची एक मोठी अडचण होती. त्यांच्या आवडत्या बंदुका जुन्या झाल्या होत्या. मार्लिन कंपनीच्या बॅलार्ड रायफलीवर श्युत्सनवाल्यांचा भारी जीव, पण 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ती बनवणं बंद केलं. शार्प्स कंपनी तर 1881 मध्येच बंद पडली. हातातली बंदूक टिकवायची, तर तिची नळी बदलणं हाच उपाय होता.

जुनी बंदूक, नवी नळी

नळीच का खराब होते? याचं उत्तर काळ्या दारूत आहे. ती जळल्यावर मागे जी काजळी उरते, ती हवेतला ओलावा ओढून घेते. त्या वेळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातूनही गंज धरणारे क्षार नळीत उरायचे. संध्याकाळी बंदूक साफ करायचा कंटाळा केला, तर काही दिवसांत नळीच्या आत गंजाचे खड्डे पडायचे. बाकीची बंदूक, म्हणजे काडतूस बंद करणारी मधली यंत्रणा, चाप, दस्ता, सगळं ठणठणीत. फक्त नळी गेलेली.

आता वाटेल, यात काय एवढं? जुनी नळी काढायची, नवी पिळायची. पण खरं कसब तर इथेच आहे.

पहिलं काम जुनी नळी सोडवण्याचं. नळी आट्यांवर पिळून बसवलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने ती जाम झालेली असते. जोर लावला की नळी निघायच्या आधी जुनी यंत्रणाच पिळवटायची भीती. तेल मुरवायचं, नळी शिकंजात घट्ट धरायची आणि धीराने सोडवायची.

मग नव्या नळीच्या मागच्या टोकावर आटे पाडायचे. आज नटबोल्टची मापं ठरलेली असतात, तसं तेव्हा नव्हतं. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे आणि जुन्या बंदुकीचे तर झिजून आणखी वेगळे झालेले. त्यामुळे समोर आलेल्या बंदुकीची मापं घेऊन तिच्यापुरतेच आटे लेथवर कापायचे.

त्यात आणखी एक मेख. श्युत्सन रायफलींच्या नळ्या बऱ्याचदा अष्टकोनी असत. नळी पिळत पिळत पूर्ण घट्ट झाली, की नेमक्या त्याच क्षणी तिची वरची सपाट बाजू एकदम वर यायला हवी. जराशी कलली तर दिसायलाही वाईट आणि वर बसवलेला नेमही वाकडा. म्हणून नळीच्या खांद्यावरून इंचाच्या हजाराव्या भागाएवढा धातू काढायचा, पिळून बघायचं, पुन्हा काढायचं. माणसाचा एक केस साधारण तीन हजारांश इंच जाड असतो. यावरून काम किती बारीक ते लक्षात येईल. एकदा जास्तीचा धातू निघाला की तो परत चिकटवता येत नाही.

त्यानंतर काडतुसाचं घर कोरायचं. हे घर नळीच्या भोकाच्या अगदी मध्यावर हवं. ते जरा एका बाजूला सरकलं, तर गोळी सुरुवातच तिरकी करते आणि 200 यार्डांवर ती तिरकी सुरुवात चांगलीच महागात पडते. खोलीही नेमकी हवी. घर उथळ झालं तर बंदूक बंदच होत नाही. खोल झालं तर काडतुसाला मागून आधार मिळत नाही, पितळेची पुंगळी फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणजे इथली चूक नुसती गुण घालवत नाही, डोळाही घालवू शकते.

शेवटी रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या पट्टीसाठी नळीत खाच कापायची, नेम बसवायचे आणि बंदूक मैदानावर नेऊन तपासायची. पोपला स्वतःला समाधान वाटेपर्यंत नळी त्याच्या हातून सुटत नसे.

जाता जाता एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आजोबांच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडली म्हणून हे प्रयोग कोणी घरी करू नयेत. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो.

गोळी पुढून, दारू मागून

पोपच्या नावाला जी कीर्ती मिळाली, ती आणखी एका गोष्टीमुळे. त्याच्या रायफलीत गोळी भरायची पद्धतच उलटी होती.

नेहमीच्या काडतुसात पुंगळी, दारू आणि गोळी एकत्र असतात आणि सगळं मागून भरलं जातं. पोपच्या पद्धतीत गोळी वेगळी, ती नळीच्या तोंडातून आत ढकलायची आणि मागच्या घराच्या अगदी पुढ्यात आणून ठेवायची. मग दारू भरलेली पुंगळी मागून घालून बंदूक बंद करायची.

एवढा उपद्व्याप कशासाठी? शिशाची गोळी खाचांत शिरते तेव्हा थोडं शिसं मागच्या दिशेने सरकतं. गोळी मागून शिरली, तर हे शिसं तिच्या बुडाच्या कडेला बारीक कंगोरे बनून राहतं. गोळी नळीतून निसटते तेव्हा शेवटी बाहेर पडतं ते तिचं बूड. बुडाची कड एका बाजूला जराही वेडीवाकडी असेल, तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला कलंडवतो. गोळी पुढून घातली तर हे कंगोरे टोकाच्या बाजूला जातात आणि बूड स्वच्छ राहतं. शिवाय आत जाताना गोळी आधीच्या बाराची काजळीही खरवडत नेते.

पण पुढून गोळी ढकलताना नळीचं तोंड झिजण्याची भीती. त्यावर उपाय होता खोट्या तोंडाचा. नळी लांब घ्यायची, खाचा पाडण्याआधी पुढचा छोटा तुकडा कापायचा, तो बारीक खुंट्यांनी पुन्हा जागेवर बसवायचा आणि मग दोन्हीत एकत्रच खाचा पाडायच्या. गोळी भरताना हा तुकडा लावायचा, झाडायच्या आधी काढून ठेवायचा. तो काढायला विसरलं तर गोळीसोबत तुकडाही उडायचा. म्हणून त्यावर मुद्दाम असा अडसर ठेवत, की तुकडा तसाच राहिला तर समोरचा नेमच दिसू नये.

ही कल्पना पोपची नव्हती. 1840 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं अल्वान क्लार्क या माणसाने. हाच क्लार्क पुढे दुर्बिणींची भिंगं घासण्यात जगात पहिल्या क्रमांकाला पोचला. त्याच्या मुलाने 1862 मध्ये व्याध ताऱ्याचा अंधूक जोडीदार पहिल्यांदा पाहिला, तो बापलेकांनी बनवलेल्या भिंगातूनच. बंदुकीची नळी आणि दुर्बीण, दोन्हीकडे सरळ रेषेचाच ध्यास.

पोपने ही जुनी युक्ती मागून उघडणाऱ्या नव्या रायफलींना जोडली आणि तिला सफाई आणली. अनेक नेमबाज तर दिवसभर एकच पितळी पुंगळी वापरायचे. झाडली की काढायची, टोपी बदलायची, तिथेच दारू मोजून भरायची आणि पुन्हा घालायची. दिवसभरात एकही गोष्ट बदलायला नको, हा त्यामागचा हट्ट.

या हट्टाचं फळ 1901 मध्ये दिसलं. कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरच्या सी. डब्ल्यू. रोलंड या नेमबाजाने पोपची नळी असलेल्या रायफलीने, टेकू घेऊन, 200 यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. सगळ्यात लांब पडलेल्या दोन गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर भरलं 0.725 इंच, म्हणजे सुमारे 18 मिलिमीटर. 183 मीटरवरच्या दहा गोळ्यांचे मध्य एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते. शिशाची गोळी आणि हाताने कापलेली नळी, एवढ्यावर हे घडलं होतं.

कंपनी आली, नाव विकलं गेलं

नाव झालं की कंपन्या दारात येतात. पोपच्या बाबतीतही तेच झालं. 1901 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स इथल्या स्टीव्हन्स कंपनीने त्याच्या नळीचा धंदा आपल्याकडे घेतला आणि पोपही तिकडे गेला. सायकलचा कारखाना सुटला. आता नळीवर स्टीव्हन्स-पोप असं नाव पडायला लागलं.

कंपनीला हवी होती संख्या. पोपच्या हाताला सवय होती एकेका नळीवर रेंगाळण्याची. कारखान्यात त्याच्या पद्धतीने नळ्या बनवणारे इतर कारागीर होते आणि त्या नळ्याही चांगल्याच होत्या. पण जाणकार गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारायचं, ही नळी पोपने स्वतः कापली का? आजही संग्राहक हाच भेद करतात.

1905 च्या अखेरीस पोप स्टीव्हन्समधून बाहेर पडला. वय चव्वेचाळीस. त्याला पुन्हा स्वतःचं दुकान हवं होतं आणि त्यासाठी त्याने जागा निवडली थेट दुसऱ्या किनाऱ्यावरची, सॅन फ्रान्सिस्को. निवड चुकीची नव्हती. कॅलिफोर्नियात श्युत्सन मंडळं जोरात होती. खाडीपलीकडच्या शेल माउंड पार्कमध्ये मोठमोठे सामने भरायचे. पोपने बिऱ्हाड हलवलं, यंत्रं नेली, दुकान थाटलं.

पहाटे 5 वाजून 12 मिनिटं

18 एप्रिल 1906. पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटं. सॅन फ्रान्सिस्को झोपेत असताना जमीन हादरली. भूकंपाने जेवढं पाडलं, त्याहून जास्त नंतरच्या आगीने जाळलं. पाण्याच्या पाइपलाइन फुटल्या होत्या, त्यामुळे आग विझवायला पाणी नव्हतं. शहर कित्येक दिवस जळत राहिलं. सुमारे 3000 माणसं गेली, 28000 हून अधिक इमारती नष्ट झाल्या.

त्यात पोपचं नवंकोरं दुकानही गेलं. धंद्याची घडी बसायच्या आतच सगळं राख झालं.

कारागिरासाठी हत्यारं जाणं म्हणजे काय, हे सुताराला किंवा सोनाराला विचारावं. दुकान पुन्हा भाड्याने मिळतं, लेथ पुन्हा विकत मिळते. पण नळीच्या कामातली खास पाती, मापं, साचे हे कोणत्याही बाजारात मिळत नाही. ते स्वतःच घडवावं लागतं आणि हाताला बसायला वर्षं लागतात. पंचेचाळिशीला टेकलेल्या माणसाला आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, कारखान्याचा अनुभव होता. एखादी बऱ्या पगाराची नोकरी धरून तो मोकळा झाला असता, तर कोणी नावं ठेवली नसती. त्याने तसं केलं नाही. तो पुन्हा पूर्वेकडे गेला आणि पुन्हा नळ्या कापायला बसला.

मॉरिस स्ट्रीटचा खडूस म्हातारा

पोपचा पुढचा मुक्काम होता न्यू जर्सीतलं जर्सी सिटी. हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्कचं मॅनहॅटन, दुसऱ्या काठाला हे कारखान्यांचं शहर. मॉरिस स्ट्रीटवरच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर त्याने दुकान मांडलं आणि मग ते हललं नाही. पुढची काही दशकं अमेरिकेतल्या नेमबाजांसाठी हा जिना म्हणजे पंढरीची वाट झाला.

वर गेल्यावर दिसायचा तो पसारा. बंदुका, नळ्या, साचे, पत्रं, खोकी, अवजारं, सगळं एकावर एक रचलेलं. त्यात बसलेला, लांब पांढरी दाढी राखलेला, चश्म्यातून नळीत डोकावणारा किरकोळ बांध्याचा म्हातारा. पाहणाऱ्याला वाटायचं, इथे सुईसुद्धा सापडणार नाही. पण पोपला हवी ती वस्तू त्या ढिगातून बरोबर मिळायची.

दुकानात त्याने एक पाटीच लावून ठेवली होती. काम कधी मिळेल याचं वचन मिळणार नाही, चांगलं झालं की घेऊन जा, नाहीतर दुसरीकडे न्या, असा तिचा अर्थ. आजच्या दहा मिनिटांत डिलिव्हरीच्या जमान्यात असं दुकान एक आठवडा टिकलं नसतं. पोपचं टिकलं. लोक महिनोन्महिने थांबायचे, कुरकुरायचे, पत्रं पाठवायचे, पण बंदूक दुसऱ्याकडे न्यायचे नाहीत.

हा माणूस उद्धट होता का? त्याच्या कामाच्या बाजूने पाहिलं तर पाटीचा अर्थ लागतो. खाच कापताना मध्येच हात थांबला, तर नळीत खूण राहण्याची भीती. तारीख दिली की घाई येते आणि घाईत कापलेली नळी त्याला स्वतःच्या नावाने द्यायची नव्हती. एकदा नळीवर नाव कोरलं की ती पुढची पन्नास वर्षं त्याच्या वतीने बोलणार होती.

नेमबाजीचं शास्त्र शोधणाऱ्यांनाही त्याचाच आधार होता. डॉ. फ्रँकलिन मान या मॅसॅच्युसेट्सच्या डॉक्टरने, गोळी नेमकी भरकटते कशामुळे, यावर कित्येक वर्षं प्रयोग केले आणि 1909 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ छापला. त्या प्रयोगांत पोपच्या नळ्या होत्या. पोपने या ग्रंथाच्या आपल्या प्रतीत समासात टिपा लिहून ठेवल्या, पटलं तिथे आणि पटलं नाही तिथेही. पुढे त्या टिपांसह ग्रंथ पुन्हा छापला गेला.

खेळच संपला

भूकंपाने दुकान नेलं होतं, पण खेळ शाबूत होता. पुढचा धक्का खेळालाच बसला.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली. रातोरात जर्मन नाव, जर्मन भाषा, जर्मन सण सगळं संशयास्पद झालं. हातात बंदुका घेतलेली जर्मन मंडळं तर जास्तच. त्यातच 1920 मध्ये देशभर दारूबंदी आली आणि बिअरशिवाय श्युत्सनचा रविवार ओसाड पडला. नवे नेमबाज लष्करी रायफलींकडे वळले. काळ्या दारूच्या जागी धूर न करणारी दारू आली, शिशाच्या जागी तांब्याचं आवरण असलेली गोळी आली. पाच गोळ्या भरणाऱ्या बंदुकीपुढे एकेरी रायफल म्हातारी दिसायला लागली.

पोप मात्र थांबला नाही. त्याने .22 च्या छोट्या काडतुसासाठी नळ्या केल्या, .30 च्या लष्करी काडतुसासाठी केल्या. काडतूस बदललं, पद्धत नाही. तेच पातं, तोच पातळ पापुद्रा, तीच पाटी. साठी गेली, सत्तरी गेली, तरी लेथ फिरत राहिली.

1948 मध्ये अमेरिकेत एकेरी रायफलींच्या चाहत्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. जुन्या बंदुका जपायच्या आणि विसरले गेलेले सामने पुन्हा भरवायचे, हा तिचा हेतू. ज्या खेळाला लोकांनी तीस वर्षांपूर्वी मेलेला समजलं होतं, तो पुन्हा श्वास घ्यायला लागला, तेव्हा पोप हयात होता. दोन वर्षांनी, 1950 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर तो गेला. मागे कारखाना नाही, कंपनी नाही, शाखा नाहीत. आहेत त्या फक्त नळ्या. ती संघटना आजही चालू आहे आणि तिच्या मैदानांवर शिशाच्या गोळ्या आजही 200 यार्डांवर झाडल्या जातात.

आज अचूक नळ्या संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रं बनवतात आणि त्या पोपच्या नळ्यांपेक्षा सरस असू शकतात. तरीही एखाद्या लिलावात जुनी बॅलार्ड येते, तेव्हा जाणकार आधी चष्मा सावरून नळीवर वाकतो. बंदूक कोणत्या कंपनीची, हे तो नंतर बघतो. आधी शोधतो ते नळीवर ठोकलेलं छोटंसं नाव.

यंत्रणा एका कंपनीची, दस्ता कोणा सुताराचा, मालक तर कित्येक होऊन गेलेले. पण त्या बंदुकीची ओळख ठरते ती नळी बदलणाऱ्याच्या नावाने. दुसऱ्याच्या वस्तूची दुरुस्ती करता करता एवढं मोठं नाव कमावणारे कारागीर जगात फार थोडे झाले. हॅरी पोप त्यातला एक.